दात कशाने घासता? : मशेरी सोडू पाहणाऱ्या बायांसाठी आरोग्य विभागाला खुलं पत्र

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
आणि सर्व जिल्हा आरोग्य अधिकारी

सस्नेह नमस्कार.

आशाताई घरोघरी जाऊन तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा, आजारांच्या धोक्याचे गुण देणारा सीबॅक फॉर्म भरतात. त्यात तंबाखूचा एक प्रश्न असतो : धूम्रपान करता का, गुटखा-खैनीसारखं काही खाता का? ओट्यावर बसलेली पंचावन्न वर्षांची बाई ‘नाही बाई, असलं काही नाही’ म्हणते. फॉर्मवर शून्य पडतं आणि आशाताई पुढच्या घरी जातात. त्या बाईच्या कमरेच्या चंचीत मशेरीची, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या पुडीची डबी असते. ती खोटं बोललेली नसते. तिच्या लेखी तंबाखू खातो तो तिचा नवरा, चुना लावून, तळहातावर मळून. ती फक्त दात घासते. दिवसातून सहा वेळा.

हे पत्र त्या डबीबद्दल आहे. आम्ही तंबाखूमुक्तीचं समुपदेशन करणारे, दंतवैद्य आणि उपकेंद्रांवर काम करणारे लोक आहोत. मशेरी घरच्या चुलीवर भाजली जाते आणि घरभर वाटली जाते. ती सोडवायची तर एकट्या बाईला समोर बसवून भागत नाही, त्या चुलीपर्यंत जावं लागतं, आणि महिनाभर जात राहावं लागतं. आज आपल्याकडे असलेल्या सेवा नेमक्या इथेच थांबतात.

आधी आकडे. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीत, २०१६-१७ साली, महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. त्यात धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के, धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. बायांपुरतं बोलायचं तर १७ टक्के, म्हणजे साधारण सहा जणींत एक. याच सर्वेक्षणातला देशपातळीवरचा एक आकडा आम्हाला फार बोचतो. आरोग्य सेवकाकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८.८ टक्के लोकांना ‘सोडा’ असा सल्ला मिळाला. धूरविरहित तंबाखूवाल्यांपैकी फक्त ३१.७ टक्के लोकांना. आणि तरीही धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या जवळपास निम्म्या लोकांच्या मनात सोडण्याचा विचार होता. सोडायचं आहे, पण कुणी विचारलंच नाही, अशी ही माणसं आहेत.

म्हणून पहिली मागणी पैशाची नाही, प्रश्नाची आहे. ‘तंबाखू खाता का’ ऐवजी चार प्रश्न विचारायला शिकवा. दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा? सकाळी उठल्यापासून किती वेळाने पहिलं बोट लावता? डबी किती दिवस पुरते? दात घासणं दिवसातून एकदा, फार तर दोनदा होतं. जेवणानंतर, चहानंतर, दुपारी गप्पा मारताना, भांडण झाल्यावर, रात्री अंथरुणावर पडताना बोट हिरड्यांवर फिरत असेल, तर ते निकोटिनसाठी फिरतंय. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली मशेरी लागत असेल तर व्यसन पक्कं आहे असं धरावं आणि मदत तेवढी जास्त लागेल हे आधीच ओळखावं. प्रश्न विचारताना सासू किंवा सून शेजारी नको. थोरल्या बायका मशेरी उघड लावतात, तरुण सुना लपवतात. दोघी एकत्र बसल्या की खरं उत्तर मिळत नाही.

मशेरी कशी होते हे शहरात वाढलेल्या अनेक डॉक्टरांनी पाहिलेलं नसतं, म्हणून थोडं सांगतो. बाजारातून तंबाखूची पानं आणायची, तव्यावर टाकायची आणि काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची. त्या वेळी घरात असा ठसका उठतो की लहान मूल खोकून खोकून बाहेर पळतं. मग ती हाताने चुरायची, कुटायची, चाळायची आणि डबीत भरायची. शहरातल्या वस्त्यांत ती भाजलेली, तयारही मिळते. तर्जनीच्या टोकावर चिमूटभर घेऊन हिरड्यांवर चोळायची आणि तशीच धरून ठेवायची, दहा मिनिटं, वीस मिनिटं, कुणी त्याहून जास्त. तंबाखूतली कर्करोगकारक द्रव्यं तर तिच्यात असतातच. भाजल्यामुळे धुरात सापडणाऱ्या घातक द्रव्यांची त्यात भर पडते. ‘भाजली की तिची उष्णता जाते, मग ती बाधत नाही’ असं बायका सांगतात. उलट आहे, हे तव्याकडे बोट दाखवूनच समजवावं लागतं.

कायद्याने इथे फारसं काही होत नाही. १९९२ साली केंद्राने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. २०१२ साली महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी आणली. १ एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या वेष्टनाच्या ८५ टक्के भागावर चित्ररूप इशारा छापावा लागतो. घरी भाजलेल्या मशेरीच्या डबीला वेष्टनच नाही. त्या डबीवर इशारा लिहिता येईल तो आशाताईच्या तोंडूनच.

आता ती डबी हातात कशी येते ते पाहू, कारण सोडतानाचे अडथळे तिथेच असतात. दाढ दुखली की घरातली थोरली बाई म्हणते, ‘जरा मशेरी धर, बधिर होईल.’ होतंही. कधी हे माहेरी नकळत्या वयात होतं, कधी सासरी आल्यावर. दुसरं कारण पोट साफ होण्याचं : मशेरी लावल्याशिवाय परसाकडला होत नाही, ही समजूत घरोघर आहे. निकोटिन आतड्याची हालचाल वाढवतं, त्यामुळे समजुतीला अनुभवाचा आधारही आहे. तिसरं कारण भूक. सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरलेलं खायचं, शेतात दुपारपर्यंत उपाशी राबायचं, तिथे मशेरीने भूक मरते. आणि चौथं, आमच्या मते सर्वांत चिवट : दुपारी भांडीकुंडी आवरून चार बाया ओसरीवर टेकतात, एक डबी काढते, ती चौघींत फिरते. दिवसभरात बाईला स्वतःसाठी मिळणारी तेवढी एकच वीस मिनिटं असतात. ‘मशेरी सोड’ म्हणताना आपण तिला ती वीस मिनिटंही सोडायला सांगत असतो, आणि बदल्यात काही देत नाही.

हे लक्षात घेतलं की सल्ला का फसतो ते कळतं. आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणतात, ‘मशेरी बंद करा, कॅन्सर होतो.’ बाई मान डोलावते. घरी सासू पुढच्या आठवड्याची मशेरी भाजत बसलेली असते. तो वास, तो ठसका, शेजारणीची पुढे केलेली डबी आणि दुखणारी दाढ या चार गोष्टींपुढे एक मान किती टिकणार? म्हणून सोडण्याची तारीख ठरवताना घरात मशेरी कोण भाजतं हे आधी विचारावं आणि त्या बाईला त्याच बैठकीत बसवावं. ती स्वतः सोडायला तयार नसेल तरी दोन गोष्टी ती मान्य करते असा अनुभव आहे : भाजणं काही आठवडे बंद ठेवायचं, आणि सोडणारीच्या पुढे डबी करायची नाही. एवढ्यानेही फार फरक पडतो. पुरुषांनाही बसवावं. नवऱ्याच्या खिशातली पुडी चालूच राहिली तर बायकोला तलफेच्या क्षणी घरातच तंबाखू सापडते.

तारीख साधारण सात ते दहा दिवस पुढची ठरवावी. पेरणी, कापणी, घरातलं लग्न या दिवसांत नको. पाडवा किंवा दसरा असा मुहूर्त धरला तर बायकांना तो पाळावासा वाटतो. मात्र कडक उपासाच्या दिवशी सोडायला लावू नये. रिकाम्या पोटी तलफ अधिक छळते. मधल्या दिवसांत वेळा मोजायच्या आणि मधल्या वेळा आधी गाळायच्या : दुपारची, चहानंतरची, झोपतानाची. सकाळची सर्वांत अवघड, ती शेवटी. वेळा मोजायला लिहिता-वाचता येण्याची गरज नाही. प्रत्येक वेळी एक ज्वारीचा दाणा वाटीत टाकायचा, संध्याकाळी मोजायचे.

सोडल्यानंतर काय होतं हे आधी सांगितलं नाही तर ती घाबरते. त्रास पहिल्या दिवसातच सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरत जातो. डोकं दुखतं, झोप तुटते, चिडचिड होते, मन कशात लागत नाही, भूक वाढते. तलफेची लाट काही मिनिटांची असते. तेवढ्यात थोडं थांबायचं, घोट घोट पाणी प्यायचं, दीर्घ श्वास घ्यायचा, हाताला काम लावायचं. तोंडात काहीतरी हवंच असेल तर बडीशेप, ओवा, लवंग, आवळा चालेल. सुपारी नाही. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे आणि मशेरी सोडून सुपारीवर गेलेली बाई सुटलेली नसते. हे बजावून सांगावं लागतं, कारण शेजारीण पहिली सुचवते ती सुपारीच.

तीन तक्रारींवर बाई परत डबीकडे वळते. त्यांची तयारी केंद्राने करून ठेवावी.

बद्धकोष्ठ. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोट साफ होत नाही आणि ‘बघा, मी म्हटलं नव्हतं?’ सुरू होतं. सकाळी उठल्याबरोबर तांब्याभर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि भाकरी, आणि रात्री इसबगोल एक ते दोन चमचे, पूर्ण पेलाभर पाण्यासोबत. पाणी कमी घेतलं तर इसबगोलने त्रास वाढतो, हे सांगितलंच पाहिजे. उन्हात काम करणाऱ्या आणि शेतात आडोसा नाही म्हणून मुद्दाम पाणी कमी पिणाऱ्या बायांना हे आणखी कठीण जातं. हा प्रश्न शौचालयाचाही आहे.

हिरड्या. मशेरीने बधिर ठेवलेलं दुखणं सोडल्यावर वर येतं. किडलेली दाढ आणि हिरड्यांचा पू तिथेच असतो, इतके दिवस झाकलेला. म्हणून दंतवैद्य शेवटी नाही, आधी हवा. सोडण्याच्या तारखेच्या आधी एकदा तोंड तपासणी, लागेल तिथे दात काढणं किंवा साफ करणं, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. तोंडात दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं यांपैकी काही दिसलं तर थेट वरच्या रुग्णालयात पाठवावं. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा दंतवैद्य नसतो. तो ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात असतो. आठवड्यातला एक ठरलेला वार त्याने केंद्रात यावं, एवढी सोय झाली तरी चालेल. आणि दात घासायला पर्याय द्यावा लागतो. नरम ब्रश आणि साधी पेस्ट. ज्यांचे दात थोडेच उरलेत त्यांना बोटच बरं वाटतं, त्यांना तंबाखू नसलेलं बारीक दंतमंजन चालेल. राखुंडी आणि कोळशाची पूड नको, त्याने दात झिजतात.

तिसरी तक्रार बाईची नसते, घराची असते. पुरुषाने तंबाखू सोडली आणि तो चार दिवस ओरडला तर घर गप्प बसतं : ‘सोडलीय ना त्याने, होणारच.’ बाई चिडली, तिच्या हातून भाजी खारट झाली, ती नातवावर खेकसली, की पाचव्या दिवशी कुणीतरी म्हणतं, ‘लाव बाई एकदाची मशेरी आणि शांत हो.’ बायांच्या परत वळण्यामागे हे वाक्य आम्हाला फार वेळा सापडतं. घरच्यांना आधीच सांगितलं, की दहा-बारा दिवस ही चिडेल, तो औषधाचा अंमल उतरण्यासारखा प्रकार आहे, तेवढे दिवस पाणी तुम्ही भरा, तर हे वाक्य टळू शकतं. आशाताईंच्या पहिल्या भेटीतली ही दोन मिनिटं आम्ही सर्वांत मोलाची मानतो.

औषधांबद्दल. निकोटिनची पर्यायी औषधं (तंबाखूऐवजी मोजकं निकोटिन देणारी) २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आली आहेत. तरी ती केंद्राच्या कपाटात असतीलच असं नाही, आणि असली तरी ती कशी वापरायची हे नीट सांगितलं जात नाही. निकोटिनचं च्युइंग गम साध्या गमसारखं चघळलं की उचकी, मळमळ, छातीत जळजळ होते आणि बाई म्हणते, ‘हे मला मानवत नाही.’ ते हळूहळू चावायचं, मिरीसारखा चरचरीत स्वाद आला की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायचं, चरचर कमी झाली की पुन्हा थोडं चावायचं. असं साधारण अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत काही नको, कारण आंबट आणि चहासारख्या पेयांमुळे निकोटिन गालातून नीट शोषलं जात नाही. आपल्याकडे चहाशिवाय सकाळ होत नाही, म्हणून हा नियम सर्वांत जास्त मोडतो. मशेरीवाल्या बाया आणखी एक चूक करतात : थुंकण्याची सवय असल्याने गमची लाळही थुंकतात, आणि औषध बाहेर जातं.

मात्रा अशी : उठल्यापासून अर्ध्या तासात मशेरी लागणारीला ४ मिलिग्रॅम, इतरांना २ मिलिग्रॅम. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी. एका दिवसात चोवीसपेक्षा जास्त कधीही नाही. दात नाहीत किंवा तोंड उघडत नाही अशांना गम देण्यात अर्थ नाही. त्यांना चोखायची गोळी किंवा अंगावर चिकटवायची पट्टी. पट्टी रोज नव्या जागी, कोरड्या आणि केस नसलेल्या कातडीवर लावायची. रानात घाम येऊन ती सुटते, म्हणून काम करणाऱ्या बाईला ती दंडावर वरच्या बाजूला, अंग पुसून लावायला शिकवावं. बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन ही गोळ्यांची औषधं डॉक्टरांनीच, तपासून द्यायची. फिट येणाऱ्या माणसाला बुप्रोपिऑन देत नाहीत. गरोदरपणी आधी समुपदेशन, औषधाचा निर्णय फक्त डॉक्टरांचा.

औषध असो वा नसो, बोलणं सोडता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये प्रौढांच्या तंबाखूमुक्तीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यांतही अर्ध्या मिनिटापासून तीन मिनिटांपर्यंतचा छोटा सल्ला प्रत्येक आरोग्य सेवकाने नेमाने द्यावा असं म्हटलं आहे. रोजच्या ओपीडीत तीन मिनिटं नसतात हे आम्हाला माहीत आहे. अर्धं मिनिट असतं.

आता तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनच्या सेवेबद्दल. १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत सेवा २०१६ साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत सुरू झाली, पुढे मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रासह आणखी ठिकाणी वाढवली गेली. ही सेवा चांगली आहे आणि तिचं खरं बळ एका गोष्टीत आहे : तिथले समुपदेशक तारीख ठरवून घेतात आणि नंतर स्वतःहून परत फोन करतात. पण मशेरीवाल्या बाईकडे स्वतःचा फोन असतोच असं नाही. फोन मुलाच्या खिशात असतो, परतीचा फोन येतो तेव्हा ती रानात असते, अनोळखी नंबर कुणी उचलत नाही, किंवा उचलून ‘कोण बोलतंय, काय काम आहे’ विचारतं. मिस्ड कॉल देऊन संदेश मिळवण्याची सेवाही आहे, पण ते संदेश वाचता यावे लागतात. यावर उपाय फार खर्चिक नाही. उपकेंद्रात आठवड्यातून एक ठरलेली वेळ ठेवा, दुपारी दोन ते चार, आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या फोनवरून तिथूनच बोलणं करून द्या. परतीचा फोनही त्याच वेळी, त्याच नंबरवर यावा. त्यासाठी विभागाने त्या सेवेशी एकदा बोलून ठेवणं एवढंच लागतं. दुपारची ती वेळ आम्ही मुद्दाम म्हणतो : ओसरीवर डबी फिरते तीच ती वेळ आहे.

गरोदर बायांबद्दल वेगळं लिहायला हवं. मुंबईतल्या गरोदर बायांवर झालेला, २००४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. मशेरीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं होतं आणि बाळंतपण सरासरी सहा दिवस आधी झालं होतं. आधीच अडीच किलोच्या काठावर असलेल्या बाळासाठी १०५ ग्रॅम म्हणजे कमी वजनाच्या रकान्यात जाणं. मळमळ थांबावी म्हणून मशेरी वाढवणाऱ्या गरोदर बाया आहेत, म्हणून पहिल्या तिमाहीतच विचारायला हवं. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीत रक्तदाब, हिमोग्लोबिन, वजन बघतात. तिथेच ‘दात कशाने घासता?’ विचारा आणि उत्तर कार्डावर लिहा.

गरोदरपणी बाळासाठी म्हणून अनेक जणी सोडतात. परत लागते ती बाळंतपणानंतर. खोलीत बसून राहायचं, झोप नाही, बद्धकोष्ठ, भोवती सगळ्या मोठ्या बायका, आणि ‘आता बाळ बाहेर आलंय, आता काय’ हा समज. निकोटिन आईच्या दुधात उतरतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. इथे तर विभागाला नवं काही उभारायचंच नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं की नवजात बाळाला पाहायला आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातातच. तंबाखू सोडणाऱ्या माणसाला ज्या काळात आधार लागतो त्याला हे दिवस इतके जुळतात की वेगळं वेळापत्रक आखायची गरज नाही. त्या सहा भेटींच्या फॉर्मवर एक ओळ वाढवा : मशेरी चालू आहे की बंद? आणि त्या एका ओळीचा मोबदलाही वाढवा. आशाताईंवर प्रत्येक नवी योजना फुकट लादायची सवय विभागाने सोडावी.

आशाताईंपैकी काही जणी स्वतः मशेरी लावतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, त्याच गावातल्या, त्याच चुलीवरच्या त्या आहेत. पण प्रशिक्षणाचा पहिला दिवस त्यांच्या स्वतःच्या सोडण्यासाठी राखून ठेवा, त्यांना औषध द्या, नोंद गुप्त ठेवा. स्वतः सोडलेली आशाताई सांगते तेव्हा बाया ऐकतात.

बचत गटाबद्दल थोडक्यात. दहा-पंधरा बायांनी एकाच आठवड्यात सोडायचं ठरवलं तर डबी पुढे करणारं कुणी उरत नाही, म्हणून गटाने सोडणं एकटीने सोडण्यापेक्षा सोपं जातं. वीस-पंचवीस मिनिटांच्या चार बैठका पुरतात : एक आधी, तीन सोडल्यावर. यात बिघडतं ते दोन ठिकाणी. बाहेरून आलेला माणूस सडलेल्या जबड्याची चित्रं दाखवून भाषण देतो आणि निघून जातो. किंवा ‘अजून कोण लावते’ याची नावं फळ्यावर लिहिली जातात. दोन्हीने बाया बैठकीलाच येईनाशा होतात. एकीने परत बोट लावलं तर तिला एवढंच विचारावं : कुणाच्या डबीतली, किती वाजता, काय झालं होतं? उत्तरात पुढच्या आठवड्याचा उपाय असतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या बाया या सगळ्यातून निसटतात. बीड, जालना, अहिल्यानगरकडची जोडपी दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडात असतात. पहाटे चारला उठून मोळ्या बांधणारी, गाडी भरून येईपर्यंत जेवायला न मिळणारी बाई मशेरीवर दिवस काढते. तिला हंगामाच्या तोंडावर सोडायला लावणं चुकीचं आहे. मे-जून हा तिचा सोडण्याचा काळ. आणि हंगामात टोळी जिथे उतरते तिथल्या केंद्राला तिची नोंद दिसली पाहिजे, आणि तिला कार्ड दाखवून गम किंवा गोळी मिळाली पाहिजे.

शेवटी नोंदवहीबद्दल, कारण तिथूनच सगळं चुकतं. आज रकाना असतो ‘समुपदेशन केले : संख्या’. त्या संख्येवरून कुणी सोडली की नाही हे कधीच कळत नाही. रकाने बदला : काय वापरते, दिवसातून किती वेळा, उठल्यावर किती वेळात, सोडण्याची तारीख, आणि एक महिना, तीन महिने, सहा महिन्यांनी मागच्या सात दिवसांत बोट लावलं का. काही तंबाखूमुक्ती केंद्रांत फुंकर मारून कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र असतं. ते बिडी-सिगारेटसाठी आहे. मशेरीत धूरच नाही, त्यामुळे दिवसाला दहा वेळा मशेरी लावणारी बाईही त्या यंत्रावर स्वच्छ दिसते. लाळेतलं किंवा लघवीतलं कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात बनणारं द्रव्य) तपासलं तर कळतं, पण निकोटिनचं गम चालू असताना तेही होकारार्थी येतं. म्हणून खरी तपासणी म्हणजे ओळखीच्या माणसाने, न रागावता, पुन्हा पुन्हा विचारलेला प्रश्न.

आमची विनंती आहे की एका तालुक्यापासून सुरुवात करावी. पुढच्या ९ तारखेच्या तपासणीत चार प्रश्न, बाळंतिणीच्या सहा भेटींत एक ओळ, केंद्रात गम आणि गोळ्यांचा तीन महिन्यांचा साठा, आठवड्यातून एक दुपार फोनसाठी आणि एक वार दंतवैद्यासाठी. प्रश्नांचा मराठी तक्ता, घरच्यांना सांगायच्या दोन मिनिटांचा मजकूर आणि नोंदवहीचा नमुना आम्ही तयार करून देऊ, प्रशिक्षणालाही येऊ. कोणता तालुका आणि कोणापासून सुरुवात करायची, तेवढं कळवावं.

आपले,
तंबाखूमुक्तीचं काम करणारे समुपदेशक, दंतवैद्य आणि उपकेंद्रांतले कार्यकर्ते